कुठं दुखत नाही ते सांग

आजारी माणसाला सोडून घरातल्या बाकी सगळ्यांना त्याचा आजार ठाऊक असतो, ही आपल्याकडची जुनी खोड! वाचकहो, रागावू नका. तुमच्या घरी असं घडत नसेल तर आनंदच आहे. भिवपुरीच्या धाकलूच्या घरी मात्र घडत होतं.

धाकलूची बायको हिरू पंधरा दिवसांची बाळंतीण. चार दिवस तिला ताप होता. काल तर अशी हुडहुडी भरली की दोन घोंगड्या कमी पडल्या. धाकलू घाबरला आणि बैलगाडी जुंपून त्यानं कर्जतच्या दवाखान्यातल्या अंबाबाईंना आणलं. तरुणपणी वैधव्य आलेल्या या बाई मुंबईच्या इस्पितळात दोन वर्षं शुश्रूषेचं काम शिकून आल्या होत्या. डॉक्टर दौऱ्यावर गेले की सगळा दवाखाना त्यांच्याच अंगावर असे.

सासू बायजाबाईंनी दारातच आजार सांगायला सुरुवात केली. "वारा धरलाय तिच्या पोटात. त्यात कुनाची तरी नजर. भगताला सांगावा धाडलाय मी."

"बरं. आता जरा तिलाही विचारू."

"तिला काय कळतंय! पोर हाय ती."

अंबाबाई हिरूच्या बाजेजवळ खाली जमिनीवरच बसल्या. तिची नाडी मोजली, श्वास पाहिला, जीभ पाहिली. कशाचीच घाई केली नाही. मग विचारलं, "काय होतंय गं बाय?"

हिरूनं सासूकडे पाहिलं. "बरी हाय."

"कुठं दुखतंय का?"

"नाय. बरी हाय."

अंगाची लाही झालेली आणि तोंडात 'बरी हाय'! पण बिचारीचं तरी काय चुकलं? सासरी दुखणं सांगितलं की माहेरचं नाव निघतं, हे आईनं तिला पाठवणीच्या वेळीच बजावलं होतं.

तेवढ्यात बाळ रडलं. हिरूनं त्याला उजवीकडे घेतलं. डावा हात मात्र तिनं अंगापासून दूरच धरला होता. अंबाबाईंनी ते पाहिलं. त्यांनी धाकलूला पाण्याला पाठवलं आणि हसत म्हणाल्या, "दुखत नाय म्हणतेस ना? मग कुठं कुठं दुखत नाय, तेवढं सांग. सगळं अंग मोजून सांग हं!"

असलं विचारणं हिरूनं जन्मात ऐकलं नव्हतं. यात गाऱ्हाणं कसलं? तिलाही हसू आलं. "डोकं नाय दुखत. पाय नाय. पोट नाय, पाठ नाय. उजवा हात नाय..."

आणि ती थांबली. अंबाबाईही थांबल्या. 'पुढं काय' म्हणून त्यांनी टोकलं नाही, नुसता तिचा हात हातात ठेवला. थोड्या वेळानं हिरूच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"डावं थान, बाई. दगड झालाय त्याचा. पदरसुदिक लागू देत नाय."

अंबाबाईंनी पदर बाजूला केला. छाती लालबुंद झाली होती, गाठ तटतटली होती.

"अगं, चार दिस! मग बोलली का नाय?" बायजाबाई ओरडल्या.

"हळू, बायजाबाई. तिला विचारलं कुणी? आजार आपण ठरवला, भगत आपण ठरवला. जिचं अंग तिलाच तेवढं विचारायचं राहिलं!"

बायजाबाई मटकन खाली बसल्या.

"मलाबी कुनी इचारलं नव्हतं, बाई," त्या म्हणाल्या. "माज्या पयल्या लेकीच्या येळंला. अशीच गाठ. मीबी बरी हाय, बरी हाय म्हनत ऱ्हायले. दूध गेलं, मागनं लेकबी गेली. इतक्या वर्सांत कुनाला बोलले नाय मी."

हिरूनं हात लांब करून सासूचा हात धरला. अंबाबाईंनी त्या दोघींना तसंच बसू दिलं.

धाकलू पाणी घेऊन आला, तशी त्यांनी कामं वाटून दिली. पाणी तापवायचं धाकलूनं. "मी? गाव हसंल की!" तो म्हणाला. "हसू दे. बायको वाचली की तूही हस," असं म्हणून त्यांनी त्याला चुलीकडे पिटाळलं. शेक द्यायचा बायजाबाईंनी. फडकं आधी आपल्या मनगटाला लावून बघायचं. बाळाला डावीकडेही पाजायचं, उरलेलं दूध हलक्या हातानं काढायचं, आणि हिरू मागेल तेवढं पाणी तिला प्यायला द्यायचं.

"आता मी काय सांगितलं, ते तुम्ही मला सांगा बघू."

बायजाबाईंनी सगळं सांगितलं, पिण्याचं पाणी तेवढं विसरल्या. ते अंबाबाईंनी पुन्हा सांगितलं. "गाठ आत पू धरून लिबलिबीत झाली किंवा परत हुडहुडी भरली, तर तडक गाडी जुंपा. मग डॉक्टरांनाच दाखवावं लागेल. आणि काम तुम्हाला दिलं म्हणून मी सुटले नाही हं. परवा येते."

तिसऱ्या दिवशी त्या आल्या, तेव्हा आतून आवाज आला, "आत्याबाई, चटका बसतो की! केवढं कढत हाय हे!"

ताप उतरला होता. बायजाबाईंनी फडकं हातात घेऊनच मागे पाहिलं. त्या हसत होत्या आणि रडतही होत्या. "ऐकलंत का, बाई? बोलली! माजी सून बोलली!"

वाचकहो, घरात कुणी आजारी पडलं तर त्याच्या वतीनं उत्तरं देऊ नका. त्याच्याजवळ बसा, त्यालाच विचारा, आणि उत्तर येईपर्यंत धीर धरा. आणि तुमच्या सुनेनं एखाद्या दिवशी दुखतंय म्हणून तक्रार केली, तर माहेर काढू नका. देवाचे आभार माना, की तुमच्या घरात तिला बोलायची भीती उरली नाही!