बिद्रीचा नायटा

मी तालमीतली माती बोलतेय. कोल्हापुरातल्या एका जुन्या तालमीत, कुस्तीच्या हौद्यात चाळीस-बेचाळीस वर्षं मुक्काम केलाय. वजन विचारू नका. दरसाल नवी भर पडते, कमी काही होत नाही.

जन्म पन्हाळ्याकडच्या उतारावरचा. ट्रॅक्टरमधून इथं आले, चाळणीतून चाळली गेले आणि मग जे लाड सुरू झाले! हळद, ताक, लिंबू, तेल. पार्लरवाल्या बाईनंसुद्धा कुणाच्या तोंडाला एवढं फासलं नसेल. वस्ताद आकाराम पोरांना सांगायचे, "माती लावा अंगाला. कसलं बी दुखणं वढून घेती ती." मीही ते खरं मानलं. आपल्याबद्दलचं चांगलं कोण तपासून बघतं?

गेल्या पावसाळ्यात छपराचा पत्रा सरकला आणि मी ओली राहिले. खणून, उलटीपालटी करून मला वाळवायला हवं होतं. कुणी हात लावला नाही. खिळ्याला टॉवेल एकच, अंग पुसणारे आठ. त्यातल्या विश्वजितच्या मांडीला, लंगोटाच्या कडेला नायटा उठला. त्यानं लपवला. मला ठाऊक होतं, कारण रोज तो माझ्यावरच आपटायचा.

महिन्याभरानं स्नेहल कुस्तीच्या सरावाला आली. बिद्री गावची, सतरा वर्षांची. बापाचं गावात सायकल दुरुस्तीचं दुकान. दिवाळीनंतर राज्याच्या संघासाठी निवड चाचणी होती, आणि तिच्या वयोगटातली ही शेवटचीच. आली तेव्हा अंगावर डाग नव्हता. पंधरा दिवसांत मानेवर रुपयाएवढं लाल चक्र उठलं.

"आयला, ह्ये काय?" विश्वजित सगळ्यांदेखत ओरडला. "बिद्रीचा नायटा की ह्यो!"

पोरं खदाखदा हसली. झालं, बारसं उरकलं.

"आमच्यात कुणाला न्हाय हे," स्नेहल म्हणाली.

"मग आमच्यात हुतं व्हय? तू आलीस आन् आलं."

वस्ताद मध्ये पडले. "भांडू नगासा. पोरी, माती लाव. आठ दिसात बसतंय."

बिचारी सकाळ-संध्याकाळ मला मानेला चोळू लागली. मी औषध म्हणून तिच्या अंगावर चढत होते आणि चक्र पाठीवर उतरत होतं. मला तोंड असतं तर मी तेव्हाच ओरडले असते. असं आता म्हणते. खरं सांगू? तेव्हा मला वाटलं, बरं झालं, दोष माझ्यावर आला नाही.

मग नऊ जणांना झाला. नाव शेजारच्या तालमींत गेलं. सरावाला तिचा हात धरायला तिथलीही कुणी पोरगी तयार होईना. चाचणीला महिना उरलेला असताना वस्तादांनी तिला बाजूला घेतलं.

"थोडं दीस गावाकडं जा. बरी हो, मग ये."

तिनं पिशवी भरली. "जातो वस्ताद. पर माझ्या गावाचं नाव तेवढं लावू नगासा रोगाला. माझा बा तितंच ऱ्हातोय."

वस्ताद पोरांच्या बैठका मोजायला वळले.

पुढं वस्तादांच्याच दंडावर चक्र उठलं, तेव्हा कुठं डॉक्टरीण आली. प्रियदर्शनी मॅडम, त्वचारोगाच्या. त्यांनी मला मुठीत दाबलं, टॉवेल बघितला आणि विचारलं, "पहिल्यांदा कुणाला झाला?"

"बिद्रीच्या पोरीला," पोरं एका सुरात म्हणाली.

"तिच्या आधी?"

शेवटी विश्वजितनं मान खाली घालून मांडी दाखवली. डाग जुना, काळा पडलेला होता.

"अंगाला अंग, एकच टॉवेल आणि ही ओली माती," मॅडम म्हणाल्या. "तुम्हाला नावच द्यायचं असेल तर तुमच्या तालमीचं द्या की."

सगळे उसळले. "ओ मॅडम, तालमीची अब्रू हाय! असलं नाव घ्यायचं न्हाय!"

"आणि बिद्रीला अब्रू नाही?"

वस्तादांनी खिळ्यावरचा टॉवेल उतरवला आणि कोपऱ्यातलं खोरं उचललं.

मला खोऱ्यानं उपसून मागच्या भिंतीशी टाकलं. आता इथं उन्हात ढीग होऊन पडलेय. नवी माती आली, प्रत्येकाला वेगळा टॉवेल आला. सगळं झालं, फक्त बिद्रीला फोन करायचं वस्ताद आज-उद्या करत राहिले. माणसाला चूक कळायला जेवढा वेळ लागतो, त्याच्या दुप्पट ती बोलून दाखवायला लागतो. परवा ते माझ्याशेजारी उभे राहिले आणि त्यांनी फोन लावला.

"स्नेहल, चूक माझी झाली. ये परत."

"चाचणी कधी हाय वस्ताद?"

"झाली. आयतवारी."

स्नेहलनं विचारलं, "पोरं अजून बिद्रीचाच म्हणत्यात?"

"न्हाय गं. आता कोण म्हणतंय!"

तेवढ्यात आतून कुणीतरी ओरडलं, "ए, त्याचा टॉवेल घिऊ नको, बिद्री झालीया त्याला!"

वस्तादांनी फोनवर हात दाबला. उशीर झाला होता. पलीकडून फोन बंद झाला.

म्हणून तुम्हाला सांगतेय. कोल्हापुरात कुणाच्या तोंडी ते नाव ऐकलंत तर त्याला अडवा आणि माझं नाव सांगा. म्हणा, मातीचा नायटा. मी रागवणार नाही. मला कुठल्या गावाला तोंड दाखवायचं नाही, कुठली चाचणी द्यायची नाही. त्या पोरीला मात्र अजून कुस्ती खेळायची आहे.