त्रेसष्ट टक्के

संदीपच्या हाताला यश आहे असं मुरबाडात बरेच जण म्हणत, आणि त्यांतला सर्वांत मोठ्याने म्हणणारा स्वतः संदीपच होता. एस.टी. स्टँडमागच्या गल्लीत त्याचं लॅपटॉप आणि मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. इतरांनी हात टेकलेली यंत्रं त्याच्याकडे येत, आणि सुरू झाली की गिऱ्हाइकाने आ वासलेला असतानाच तो मुद्दाम म्हणे, "काय नव्हतं ओ, किरकोळ होतं." वैशाखऱ्याहून रोज मोटरसायकलने येणाऱ्या या माणसाला, जगातली कुठलीही गोष्ट पुसून नव्याने सुरू करता येते, असं अगदी मनापासून वाटत असे.

त्या गुरुवारी शेणव्याहून कविताबाई आल्या. चाळिशीच्या आतबाहेरच्या, अंगाने किरकोळ, आणि कपड्यात गुंडाळलेला लॅपटॉप त्यांनी काउंटरवर ठेवला तो जरा लांबून, हात पुरेल तितक्या अंतरावरून.

"शहापुरात दोघांनी करून बघितलं. सिस्टीम चढतच नाय म्हणाले."

लॅपटॉप त्यांच्या नवऱ्याचा होता. ग्रामपंचायतीत संगणकावर काम करणारा हा माणूस दीड महिन्यापूर्वी छातीत कळ येऊन गेला होता. बाई त्याचा उल्लेख 'मनूचे पप्पा' असाच करत होत्या. मनू म्हणजे मनस्वी, एकुलती एक मुलगी; तिला नाशिकच्या कॉलेजात बी.एस्सी. कॉम्प्युटरला जागा मिळाली होती. सोमवारी हॉस्टेलवर हजर व्हायचं होतं, आणि पहिल्या दिवसापासून स्वतःचा लॅपटॉप लागेल असं कॉलेजने कळवलं होतं.

"दीर म्हणतात, लॅपटॉप नाय तर पोरगी तिथं जाऊन करणार काय? त्यांना निस्तं निमित्त पायजे," कविताबाई म्हणाल्या. "सोमवारी नाय गेली ना दादा, तर मग कधीच नाय जायची. कोण जाऊच देणार नाय तिला."

"जाईल ओ ताई सोमवारी. आतलं काय ठेवायचंय? फोटो, कागदपत्रं?"

"काय ठेवू नका. सगळा कोरा करा."

मेलेल्या माणसाचा लॅपटॉप घेऊन येणारे लोक सहसा उलट सांगतात, काही करा पण फोटो वाचवा म्हणतात, हे संदीपच्या मनात आलं आणि गेलं. त्याने पेनड्राइव्ह लावला, जुनं सगळं पुसलं, मोकळ्या डिस्कवर नवी सिस्टीम चढवायला घेतली आणि चहाला गेला. परत आला तेव्हा आकडा त्रेसष्ट टक्क्यांवर होता. पाऊण तासाने पाहिलं तरी त्रेसष्टच.

यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. सिस्टीम चढताना अडकते, त्याची शंभर कारणं असतात. पण अडकली की ती तक्रार करते, पडद्यावर एररचा आकडा येतो, निदान सगळं गोठून बसतं. इथे तसलं काही नव्हतं. ठिपक्यांचं कडं शांतपणे फिरत होतं, माउसचा बाण हलत होता, नुसता आकडा पुढे सरकत नव्हता. कुणीतरी दारात उभं राहावं आणि आत या म्हटल्याशिवाय पाऊल टाकू नये, तशी ती सिस्टीम उभी होती. संदीपने पेनड्राइव्ह नव्याने बनवला. मेमरी काढून दुसरी घातली. सेटिंगा उलट्यासुलट्या करून पाहिल्या. प्रत्येक वेळी त्रेसष्ट.

शुक्रवारी त्याने शेवटचा उपाय केला. जुनी डिस्कच काढून टेबलावर ठेवली आणि सीलबंद पाकिटातली नवी कोरी डिस्क घातली. या डिस्कने शेणवं पाहिलं नव्हतं, तो माणूस पाहिला नव्हता, तिच्यावर एक अक्षर उमटलेलं नव्हतं. तीही त्रेसष्टवर थांबली. तोच पेनड्राइव्ह त्याने दुकानातल्या दुसऱ्या जुन्या लॅपटॉपला लावला, तिथे बारा मिनिटांत सगळं चढलं. मग मदरबोर्डचा दोष म्हणावा, तर तो एकदा वीसवर अडवेल, एकदा ऐंशीवर. बिघाड इतका वक्तशीर नसतो. भर दुपारी, बाहेर भाजीवाल्यांची ओरड चालू असताना, संदीपच्या अंगावर पहिल्यांदा काटा आला, आणि आपल्याला भीती वाटते आहे याचाच त्याला राग आला.

शनिवारी बाराच्या सुमारास कविताबाई आल्या तेव्हा तो पडद्याकडे बघतच बसला होता.

"कावळा शिवत नाय तशातली गत झालीय ताई," तो हसत म्हणाला.

बाईंचा चेहरा उतरला. खुर्ची होती तरी त्या बसल्या नाहीत. म्हणाल्या, "त्यांना पण नाय शिवला. नदीवर तीन तास बसलो होतो. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला नि उठवलं सगळ्यांना."

संदीपला यातलं कळत होतं, कारण त्याचा बाप, कोंडू, यातला जाणता होता. दहाव्याला कावळा शिवेनासा झाला की वैशाखऱ्यात कोंडूला पुढे करत. तो पिंडासमोर हात जोडून, गेलेल्याच्या मनात काय राहिलं असेल ते एकेक नाव घेऊन बोलत जाई, शेत म्हणे, पोरं म्हणे, अर्धवट विहीर म्हणे, आणि नेमकं बोललं गेलं की कावळा उतरे. लहानपणी संदीपला ही बापाची दुकानदारी वाटे. आता अठ्ठेचाळीस तास त्रेसष्टचा आकडा पाहिल्यावर त्याला ती तशी वाटत नव्हती.

"काय राह्यलं होतं त्यांच्या मनात?" त्याने विचारलं. "इथंच बोलून टाका. बोलायला काय जातंय?"

"मी नाय बोलणार." त्या दाराकडे सरकल्या. "आणि दादा, तुमी पण नका बोलू. दुसरं काय करता येतं ते करा. मी किन्हवलीच्या गाडीचा टाइम बघून येते."

त्या गेल्या. संदीप एकटा राहिला. खरं सांगायचं तर त्याला त्या क्षणी स्वतःच्या यशापेक्षा त्या न पाहिलेल्या पोरीचं वाईट वाटत होतं. एका आडमुठ्या यंत्रापायी तिचं नाशिक बुडणार होतं, आणि तिचे काका मिशीत हसणार होते. त्याने दार लोटलं, स्वतःलाच हसू येत असताना पडद्यासमोर हात जोडले आणि बापासारखं बोलून पाहिलं. शेत सांभाळतील, म्हणाला. घर सांभाळतील. बायकोला कुणी काही बोलणार नाही. आकडा ढिम्म. मग तो वैतागला, आणि उचलली जीभ लावली टाळ्याला.

"अहो मनूचे पप्पा, तुमची जी काय इच्छा राह्यली असंल ना, ती मी पुरी करतो. माझा शब्द. आता तरी सोडा."

चौसष्ट.

मग सत्तर, मग ब्याऐंशी. संदीपचे जोडलेले हात तसेच राहिले. कोंडू कावळ्याशी काय वाटेल ते बोले, पण एक गोष्ट कधी करत नसे, आणि ती संदीपला नेमकी आता आठवली. मोघम कबूल करायचं नसतं. पुढे काय मागतील याचा नेम नाही, बाप म्हणे, म्हणून नाव घेऊन बोलायचं, नाहीतर गप्प बसायचं.

सिस्टीम चढली. वापरणाऱ्याचं नाव विचारलं, ते त्याने टाकलं, आणि कविताबाई आत आल्या तेव्हा सुरू झालेला लॅपटॉप त्यांच्याकडे फिरवला. बाईंच्या तोंडावर आनंद उमटला आणि तसाच विरला.

"ह्यांचं नाव तुमाला कोणी सांगितलं?"

संदीपने वाकून पाहिलं. त्याने मनस्वी टाकलं होतं, निदान त्याला तसंच वाटत होतं. पडद्यावर जयराम होतं.

"तुमी काय बोललात का?" बाईंनी हलक्या आवाजात विचारलं.

"नाय. डिस्क बदलली फक्त." आयुष्यात गिऱ्हाइकाशी तो शेकडो वेळा खोटं बोलला होता, पण एवढं घाबरून कधीच नाही. त्याने घाईघाईने नाव बदललं. "यांच्या मनात नक्की राह्यलं काय होतं?"

कविताबाई लॅपटॉप कपड्यात बांधत होत्या. "नदीवर सगळं कबूल केलं आमी. पडवीचे पत्रे, धाकट्या दिराचं लग्न, सगळं. एकच नाय केलं. मनूला घराच्या बाहेर पाठवायची नाय, हे मरताना चारदा बोलले होते. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी तोंड शिवून बसले." गाठ घट्ट करत त्या म्हणाल्या, "तुमचे उपकार झाले, दादा. सोमवारी साडेसातच्या एस.टी.नं शहापूर, तिथनं नाशिकची गाडी. एकदा गेली की सुटली."

संदीपला सांगायचं होतं. बाई गल्लीच्या टोकाला पोहोचेपर्यंत तो दारात उभा होता, हाक मारली असती तर ऐकू गेली असती. त्याने मारली नाही.

रविवारी दुपारी जेवताना तो म्हणाला, "एवढ्या लांब पोरीला एकटीला ठेवायची म्हणजे काय खायचं काम आहे?"

"कोणाची पोरगी ओ?" रेश्माने, त्याच्या बायकोने, विचारलं. त्यांच्या घरात दोघंच होती, मूलबाळ नव्हतं. घास संदीपच्या हातातच राहिला. आपण बोललो हे त्याला तिच्या प्रश्नावरून कळलं होतं. तो घाबरला, इतका की त्याने गाडीची चावी तिच्या हातात दिली आणि उद्या नऊच्या आत मागितली तरी देऊ नकोस असं बजावलं. ती हसली, पण चावी तिने डब्यात ठेवली.

सोमवारी सकाळी तो ओटीवरून हलला नाही. साडेसात वाजले, आठ, साडेआठ. नऊ वाजले तेव्हा त्याला एकदम हलकं वाटलं. पोरगी आता नाशिकच्या गाडीत बसून कसाऱ्याचा घाट चढत असेल. त्याने चावी घेतली, रेश्माच्या हातचा चहा घेतला आणि दुकानाला निघाला. टोकावडं गेलं. एका मोबाइलचा डिस्प्ले कल्याणहून मागवायचा होता, दोनपैकी कुठल्या दुकानातून मागवावा याचा तो विचार करत होता. विचार संपला तेव्हा समोर किन्हवलीचा बाजार होता. सरळगावला तो वळला कधी, हे त्याला आठवेना. त्याने परत फिरायचं ठरवलं. खरोखर ठरवलं, अगदी मनाशी पक्कं केलं, आणि गाडी पुढेच गेली.

शेणव्याच्या थांब्यावर एक मुलगी एकटीच बसली होती. पायाशी मोठी बॅग, मांडीवर लॅपटॉप. तिला त्याने कधी पाहिलं नव्हतं.

"काका, शहापूरची गाडी दिसली का हो कुठं?" तिने विचारलं. "साडेसातची आलीच नाय."

संदीपला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं. अजून वेळ गेलेली नव्हती. मीच सोडतो तुला शहापूरला, नाशिकच्या गाडीत बसवून देतो, बस मागे, हे वाक्य त्याच्या ओठांवर तयार होतं. त्याने तोंड उघडलं.

"मने," तो म्हणाला, "चल घरी."

मुलगी त्याच्याकडे बघत राहिली. तिने कोण तुम्ही असं विचारलं नाही. ती लहान पोरासारखी मुकाट्याने उठली, बॅग उचलली आणि मागे बसली. देवळाजवळून आत, विहिरीला वळसा, मग डावीकडे. संदीप एकदाही कुणाला विचारायला थांबला नाही. अंगणातल्या मांडवाचा खाली आलेला आडवा वासा लक्षात यायच्या आधीच त्याची मान वाकली होती.

कविताबाई दारात आल्या. पोरीला पाहिलं, बॅग पाहिली. बाई, मी संदीप, मुरबाडचा, हिला घेऊन पळा इथून, असं तो आतल्या आत जिवाच्या आकांताने ओरडत होता. त्याला स्वतःचा आवाज ऐकू आला, शांत, थोडा थकलेला.

"बॅग आत ठेव."

मनस्वी आत गेली. कविताबाई तिथेच उभ्या होत्या, त्याच्या तोंडाकडे बघत. मग त्यांनी नजर खाली घातली, डोक्यावरचा पदर पुढे ओढला, आणि त्याच्यासाठी पाण्याचा तांब्या आणायला आत वळल्या.