वडगावच्या बांगड्या

सलिमानं उंबऱ्यापाशी चपला काढल्या आणि आतून कडी लागली.

"घरात कुणी न्हाय," चिमणाबाई दाराआडून म्हणाली.

घरात कुणी नाही हे सांगायलाही घरात कुणीतरी लागतंच. पण सलिमाला हसू आलं नाही. गगनबावड्याजवळच्या या वाडीत नर्स म्हणून आल्यापासून हेच चाललं होतं. आणीबाणी उठून वर्ष होत आलं, तरी सरकारी नर्स म्हणजे नसबंदीचं ऑपरेशन, हे लोकांच्या डोक्यातून उठलं नव्हतं. पांढरी साडी दिसली की बाया वाट बदलत. संध्याकाळी धुकं उतरलं की उपकेंद्रासमोरचा फणसही दिसेनासा होई. मग ती उगाचच स्टोव्हला पंप मारत बसे, तेवढाच खोलीत आवाज.

आज मात्र परत फिरणं तिच्या जिवावर आलं. चिमणाबाईची सून आक्काताई सकाळी पाणवठ्यावर दिसली होती. पहिलटकरीण, दिवस भरत आलेले, तोंड सुजलेलं. डोहाळजेवणाला भरलेला हिरवा चुडा मनगटात रुतून बसला होता. डोकं ठणकतंय का, असं सलिमानं विचारल्यावर ती नुसती मान हलवून निघून गेली होती. रक्तदाब वाढलेली अशी बाई झटके येऊन बाळासकट जाते. प्रशिक्षणात असताना सलिमानं एक पाहिली होती.

"मावशी, तिला कोल्हापूरला न्यायला पायजे. नुसतं प्रेशर तरी बघू द्या."

"पहिल्या खेपंला सूज येतीच. तू जा बाई."

आतून आक्काताईचा आवाज आला. "आत्ती, बांगड्या लई रुतत्यात वो."

"गप. भरल्या चुड्याला आपण हात लावू ने, अपशकून हुतो. मणेर आला की त्यो वाढवंल."

बांगडी फुटली असं कुणी म्हणत नाही, वाढवली म्हणतात. आणि ती वाढवायची तर बांगड्या भरणाऱ्याच्या हातानं. सलिमाला हे कुणी सांगायला नको होतं. तिनं चपला घातल्या आणि ती खोलीवर आली.

ट्रंकेच्या तळाशी एक गाठोडं होतं. पेठ वडगावच्या बाजारात तिची अम्मा, नजीरा मणेर, बांगड्या भरायला बसे. सलिमा तिच्याच मांडीशी हे काम शिकली. पण नर्सिंगच्या वसतिगृहात मुलींनी मनगटं पुढं करून "ए मणेरणी, भर की गं" म्हणत तिची टिंगल केली, तेव्हापासून घरचा धंदा तिनं कुणाला सांगितला नव्हता. नोकरीवर निघताना अम्मानं हे गाठोडं पुढं केलं. म्हणाली, सरकारचा काय भरवसा, हातातला हुन्नर सोडू नको. सलिमाचं डोकं फिरलं. वाढलेल्या ताटावरून ती न जेवताच उठली. गाठोडं अम्मानं मागून गाडीत ठेवलं.

तिनं पांढरी साडी सोडली, घडी करून खाटेवर ठेवली आणि घरातलं निळं लुगडं नेसली. आरशात मात्र तिनं पाहिलं नाही.

"मावशी, दार उघडा. वडगावच्या मणेराची लेक हाय मी. बांगड्या भराय आलीया."

मग कडी निघाली.

"नर्सबाईच की गं तू!" चिमणाबाईनं तिला खालीवर न्याहाळलं. "मग आदी सांगाय काय झालतं? दारात उभी केली म्या मणेरणीला." तिनं लगबगीनं घोंगडं पसरलं.

आक्काताईनं हात पुढं केला. सलिमानं तो आपल्या हातात घेतला. या गावात कुणी आपण होऊन तिच्या हातात हात दिला नव्हता. हात गरम होता. अंगठ्यानं दाबलेली जागा खोलगटच राहिली. खाली फडकं घालून तिनं एकेक बांगडी वाढवली, आणि मनगट ओकं राहू नये म्हणून लगेच मोठ्या मापाच्या भरल्या. आक्काताईनं रीतीप्रमाणं वाकून नमस्कार केला.

चिमणाबाई सुपातून तांदूळ घेऊन आली. "घे. मणेरणीला रिकामी धाडू ने."

सलिमानं हात मागं घेतले. "तांदूळ नको."

"मग काय पायजे?"

"आत्ताची गाडी. हिला घिऊन कोल्हापूरच्या मोठ्या दवाखान्यात. मी येते संगं."

चिमणाबाईनं हातातल्या सुपाकडं पाहिलं, मग सुनेकडं. घरात दिवस भरलेली सून, आणि मणेरीण रित्या हातानं उंबरा ओलांडणार.

"लई आडमुठी हायस की," ती म्हणाली, आणि मागल्या दाराकडं तोंड करून तिनं लेकाला हाक मारली, "सयाजी! गाडी थांबीव जा!"

झटके आले ते दवाखान्यात, डॉक्टरांसमोर. आक्काताई वाचली, मुलगीही वाचली. सलिमा एकटीच गाडीनं परतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी उपकेंद्राच्या दारात बायाच बाया. सलिमाला आनंद आवरेना. तिनं पांढरी साडी नेसली, छातीशी घड्याळ लावलं, प्रेशरचं यंत्र टेबलावर मांडलं. सगळ्यांत पुढं बाळाबाई होती. तिनं यंत्र बाजूला सारलं.

"त्ये ऱ्हाऊ दे. हिरव्या दाखीव. तुजा हात लई मऊ हाय म्हणं."

सगळ्या हसल्या. सलिमानं भिंतीकडं तोंड केलं. रडू येत होतं, ते तिनं गिळलं. मग गाठोडं सोडलं, खाली बसली आणि बाळाबाईचा हात हातात घेतला. नखं पांढरीफटक होती.

"कितवा महिना?" तिनं वर न बघता विचारलं.

बाळाबाईनं हात ओढला नाही. "घरात बी कुणाला म्हाईत न्हाय अजून," ती हळूच म्हणाली.

संध्याकाळी कोल्हापूरची गाडी सुटताना सलिमानं कंडक्टरला गाठलं.

"वडगावच्या बाजारात नजीरा मणेर बसती. तिला निरोप धाडा. म्हणावं, बांगड्या संपत आल्यात, मोठ्या मापाच्या जास्त पाठीव."

कंडक्टरनं घंटी मारली. गाडी हलली, तशी ती दोन पावलं बरोबर चालत गेली.

"आन् म्हणावं, जेवतीया मी."