न मिटवलेला वाद

सूर्यकांतरावांना जाऊन सतरा दिवस झाले होते. शुक्रवार आला तसे अबू खलील दुबईजवळच्या अजमानमधल्या त्यांच्या घरी येऊन आपल्या नेहमीच्या खुर्चीत बसले. प्रज्ञाने चहा आणला. अकरा वर्षं दर शुक्रवारी तिचे बाबा आणि हे पॅलेस्टिनी शेजारी एकाच गोष्टीवरून भांडत आले होते: मध्ययुगात युरोपातले क्रूसेडर, म्हणजे ख्रिस्ती धर्मयोद्धे, जेरुसलेमवर चालून आले ते कशासाठी? बाबा म्हणत, जमिनीसाठी. त्यावर अबू खलील उसळत, "हबीबी, स्वतःची जमीन गहाण टाकून आले ते! जिंकल्यावर बहुतेक जण रिकाम्या हातांनी घरी गेले. श्रद्धेनंच आले होते. श्रद्धेनं येऊन एवढं रक्त सांडलं, हेच तर भयंकर!"

आज ते हळूच म्हणाले, "बिंती, पोरी, आपल्या वादाचं तो ज्या वहीत टिपून ठेवायचा, तिच्यात शेवटी काय आहे? मला मराठी येत नाही. मानलं का त्यानं माझं?"

बाबा गेल्यापासून प्रज्ञाने ती वही उघडली नव्हती. शेवटच्या पानावर त्यांच्या तिरक्या अक्षरात लिहिलं होतं: "अबू खलीलचं म्हणणं मला केव्हाच पटलंय. पण कबूल करायचं नाही. वाद मिटला तर हा शुक्रवारी येईल कशाला?"

तिने ते दोनदा वाचलं आणि वही मिटली.

"नाही, अंकल. बाबा म्हणतात, तुम्ही साफ चुकताय. मलाही तसंच वाटतं."

म्हाताऱ्याचे डोळे चमकले. "बाप हट्टी, लेक त्याहून हट्टी! पुढच्या शुक्रवारी पुस्तकं घेऊनच येतो, इन्शाल्ला. मग बघतो तुला."