खालच्या गावाचे कुलूप

मित्रांनो, मी एक जुने कुलूप आहे. अंगाने गंजलेला आणि स्वभावाने भित्रा. कुलपाने भित्रे असू नये, हे मला कळते. पण माझी नेमणूकच अशी झाली, की पोलादालाही घाम फुटावा.

डोंगरातल्या एका नदीवर दगडी बांध आहे. वर किर्गिझांचे गाव, खाली ताजिकांचे, आणि मधून दोन देशांची सीमा. बांधाचे लोखंडी दार चाकाने उघडते. एकट्याने त्या चाकाला हात लावायचा नाही, असा दोन्ही गावांचा करार. म्हणून चाकाला दोन साखळ्या आणि दोन कुलपे. एकाची किल्ली वरच्या गावच्या गुलसायराकडे, माझी खालच्या गावच्या होशिमकडे. दोघांचेही काम पाणी वाटण्याचे. कोणाच्या मनात पाप येऊ नये म्हणून जादा किल्ल्या पहिल्याच दिवशी सगळ्यांदेखत नदीत फेकल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी मात्र मोजत बसलो: आता माझी एकच किल्ली उरली.

तरी वीस वर्षे बरी गेली. दर आठवड्याला दोघे येत, नान मोडून चहा पीत आणि मग मनसोक्त भांडत. गुलसायरा त्याला 'अको', म्हणजे थोरला भाऊ, म्हणे.

"होशिम अको, जर्दाळूंना पाणी पाजता की आंघोळ घालता?"

"अगं बाई, तुझी मेंढरं निम्मी नदी पिऊन बसतात, ते सांग की आधी!"

जाताना होशिम मला तेलाचे बोट लावी. माझे सगळे कौतुक तेवढेच, पण मला ते पुरे होते.

मग सीमेवर कुठेतरी गोळीबार झाला. काटेरी तारा आल्या, बंदूकवाले आले. दोन वर्षे माझ्याकडे कोणी फिरकले नाही. कडेच्या पाटांतून झिरपेल तेवढ्यावर दोन्ही गावांनी दिवस काढले.

आणि एका वसंतातल्या दुपारी डोंगरावरच्या बर्फावर मुसळधार पाऊस पडला. नदी चिखलाने तांबडी झाली. धोंडे बांधावर आदळू लागले. पाणी मागे फुगत वरच्या गावाच्या पहिल्या घरांपर्यंत गेले. पोरे कौलांवर चढून रडत होती. दार उघडले तर गाव वाचणार होते, आणि दार मी अडवून बसलो होतो. मित्रांनो, इतकी भीती मला कधीच वाटली नव्हती.

एक गडी पहार घेऊन माझ्यावर धावला. गुलसायरा आडवी आली.

"हात लावू नकोस! त्यांचं कुलूप फोडलंस की गोळी सुटेल. आणि खाली माणसं शेतात आहेत. न सांगता दार उघडलं तर वाहून जातील ती."

"मग आमची पोरं बुडू देत?"

"फोन केलाय मी. अको येतील."

"दोन वर्षांत आले का?"

तिने आपले कुलूप उघडून एक साखळी सोडवली.

तेवढ्यात तारेपलीकडे म्हातारा होशिम दिसला. दोन्ही हात वर, बोटांत किल्ली. जवान ओरडला, "थांब, नाहीतर गोळी घालीन!"

"घाल बाबा, पण ही किल्ली तेवढी तिला नेऊन दे. शेतं रिकामी करूनच आलोय."

जवानाने बंदूक खाली केली आणि तारेतून वाट करून दिली. होशिम धापा टाकत आला. त्याने किल्ली घातली. मी फिरलो नाही. दोन वर्षांच्या गंजाने माझे दात खिळले होते. त्याने जोर केला, किल्ली वाकू लागली. ती मोडली असती तर सगळे संपले असते. गुलसायराने चुलीवरचे तेल आणवून माझ्या तोंडात ओतले. दोघांनी मिळून पिळले, आणि मी सुटलो.

दोघांनी चाक फिरवले. सगळा लोंढा होशिमच्या जर्दाळूंवरून गेला. एक झाड उरले नाही. हे होणार, हे त्याला घरातून निघतानाच ठाऊक होते.

दुसऱ्या दिवशी वरच्या गावाची चाळीस माणसे फावडी घेऊन त्याच्या बागेतला चिखल उपसायला उतरली. जवानांनी तोंडे फिरवली. तिसऱ्या दिवशी तार पुन्हा बंद झाली.

आता होशिमला चालवत नाही. किल्ली त्याच्या सुनेकडे, निगिनाकडे आहे. तिने गुलसायराला अजून एकदाही पाहिलेले नाही. डोंगरावर बर्फ वितळू लागले आहे, आणि मी पुन्हा घाबरलो आहे. मित्रांनो, मला तेल कोणीही घालील. त्या दोघींची एकदा गाठ घालून द्या. पाणी चढल्यावर ओळख करून घ्यायला सवड नसते.