एका पौंडाचा निळा

अ‍ॅलिसनने आईचा निळा रंग कचऱ्यात टाकला, तिथून हे सगळं सुरू झालं.

अ‍ॅलिसन माझी थोरली बहीण. लीड्सला राहते, दातांच्या डॉक्टरशी लग्न केलंय, आणि कुठल्याही घरात शिरली की आधी डब्यांवरच्या तारखा वाचते. आई गेली त्याच आठवड्यात ती आली, न्हाणीघर आवरायला घेतलं आणि आईची मेकअपची पिशवी उघडूनही न बघता काळ्या पिशवीत कोंबली. मी कामावर होते. परत येईपर्यंत कचऱ्याची गाडी येऊन गेली होती.

"अगं, त्यातलं निम्मं माझ्या लग्नाआधीचं होतं," ती म्हणाली. "घाण नुसती. डोळे गेले असते एखादीचे."

"आईचे गेले का?"

"जॅनिस, आता सुरू होऊ नकोस."

त्यावर कडी म्हणजे अंत्यविधीवाल्यांकडे तिने स्वतःचं महागडं मेकअपचं पॅलेट नेऊन दिलं. त्यांनीही बिचाऱ्यांनी मन लावून काम केलं. आईच्या पापण्यांवर मंद तपकिरी, गालांवर जेमतेम गुलाबी. इतकी सभ्य आई मी जन्मात पाहिली नव्हती. कर्जाचा अर्ज नाकारायला बसलेल्या बँकेतल्या बाईसारखी दिसत होती.

आम्ही बाबांना दर्शनाला घेऊन गेलो. दोन वर्षांपासून बाबांच्या डोक्यातून एकेक गोष्ट निसटत चालली होती, पण आई कधी निसटली नव्हती. त्यांनी टोपी काढली, शवपेटीत डोकावून बघितलं आणि हळू आवाजात विचारलं, "बिचारी. कुणाची गं?"

"बाबा, आई आहे ती."

"छे." त्यांना माझं हसूच आलं. "थेल्मा घरी आहे. तयार होतेय."

त्या दिवसापासून बाबा कोट घालून, टोपी हातात घेऊन जिन्याच्या पायथ्याशी खुर्ची टाकून बसायला लागले. जेवायला उठायचे, झोपायला उठायचे, की परत तिथेच. वर मान करून ऐकत राहायचे. पहिल्या दिवशी मी त्यांना खरं सांगितलं. चेहरा असा कोसळला की बघवेना. तासाभराने विसरले आणि पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं, पुन्हा तेच. प्रत्येक वेळी त्यांच्यासाठी ती नव्याने मरत होती. मग मी सांगणं सोडून दिलं.

"वर आहे," ते मला समजावायचे. "ऐक, ड्रॉवर ओढला तिने."

आणि खरं सांगते, मीही ऐकायला लागले. आईच्या खोलीचं दार मी स्वतः बंद केलं होतं, तरी भांडी घासता घासता हात थांबायचा. जिन्यात तिच्या पावडरीचा वास यायचा, तोही सकाळी जास्त, ती तयार व्हायची त्या वेळी. अ‍ॅलिसनला फोनवर म्हटलं तर ती म्हणाली, खिडक्या उघड. उघडल्या. थंडीने मेलो, वास होता तिथेच होता.

बाबांचं आख्खं आयुष्य त्या जिन्याखाली वाट बघण्यात गेलं होतं, म्हणून त्यांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं. डोळ्यांना निळं लावल्याशिवाय आई कोपऱ्यावर दूध आणायलासुद्धा जात नसे. ग्रिम्सबीच्या मासळीच्या कारखान्यात ती माशांचे काटे काढायची. अंगठी चालत नसे, नखांना रंग चालत नसे, केस जाळीत, पायात पांढरे गमबूट. पापण्यांबद्दल नियम करायचं मात्र कुणाला सुचलं नव्हतं. म्हणून पापण्या निळ्या. मोरपिशी नाही, आकाशी नाही. तिचा म्हणून एक निळा होता, लांबून ओळखू यायचा. आधी बाजारातल्या गाडीवरून आणायची, नंतर पौंडवाल्या दुकानातून, जिथे कुठलीही वस्तू एका पौंडाला मिळते. जे सगळ्यात स्वस्त असेल ते.

गुरुवारी संध्याकाळी पेटी बंद होणार होती. त्याआधी बाबांनी तिला ओळखलं नाही, तर ते मरेपर्यंत त्या खुर्चीत बसून राहणार हे मला स्वच्छ दिसत होतं. आणि त्यांच्याबरोबर मी.

बुधवारी दुपारी मी पौंडवाल्या दुकानात गेले आणि ज्यात ज्यात निळं दिसलं ते प्रत्येक पॅलेट टोपलीत टाकलं. गल्ल्यावरच्या पोरीने ढीग बघितला.

"पार्टी वाटतं?"

"हो. आईची."

"भारीच! मजा करा."

घरी आले तेव्हा चारच वाजले होते, पण हिवाळा, बाहेर अंधार पडला होता. बाबा खुर्चीत. मी त्यांना ओलांडून वर गेले, आईच्या खोलीचं दार उघडलं आणि तिच्या आरशासमोर बसले.

पहिल्या पॅलेटचं नाव होतं 'जलपरी'. झाकण उघडताक्षणीच तुटलं. रंग बोटाला भरभरून आला, पापणीवर ठेवला तर गायब. सगळा गालावर उतरला. 'खोल समुद्र' मधला निळा डबीत सुरेख दिसत होता, डोळ्यावर मात्र फळ्यावरचा पुसलेला खडू. तिसऱ्याला मेणाच्या रंगखडूंचा वास. चौथ्यात नुसती चमकी, तीही अशी खरखरीत की डोळ्यांतून पाणी आलं. एकातला रंग इतका कडक, की खरवडायला ड्रॉवर ओढून केसांची पिन घ्यावी लागली. मी एक डोळा रंगवायचे, बघायचे, पुसायचे, दुसरा रंगवायचे. पापण्या लालबुंद झाल्या. टेबलावर निळी धूळ साचली. प्रत्येक पॅलेटच्या झाकणात टिकलीएवढा आरसा होता, त्यात एका वेळी एकच डोळा मावायचा. आणि तो डोळा माझा वाटेनासा झाला होता. साठीला टेकल्यावर पापणी जशी खाली येते, तशी आईची यायची. मी डोळा मिचकावला की ती मिचकावायची. रंग चुकीचा म्हणून माझ्याकडे रागाने बघायची.

मला भीती वाटली. मी झटक्यात मागे सरकले आणि स्टूल फरशीवर करकरलं.

खालून बाबांचा आवाज आला, "थेल्मा! आटप, बस जाईल!"

इतके दिवस ते जे ऐकत होते ते आज मी करत होते. ड्रॉवर मी ओढला होता, स्टूल मी सरकवलं होतं. या घरात भूत असेल तर या क्षणी ते मी होते.

मी गप्प बसायला हवं होतं. पण तोंडातून निघून गेलं, "आले, आले! पाच मिनिटं!"

तो आवाज माझा नव्हता. शपथेवर सांगते. तिची ती लांबवलेली 'मिनिटं', शेवटी चढणारी. खाली बाबा समाधानाने हसले. "हिची पाच मिनिटं," ते कोटाला सांगत असल्यासारखे म्हणाले.

मी दोन डोळ्यांवर दोन निळे घेऊन तशीच खाली आले. जिन्यातला दिवा लावला नव्हता. बाबांनी वर बघितलं, आणि त्यांचा चेहरा असा उजळला की मला आईचा हेवा वाटला. माझ्याकडे असं बघणारं कुणी नव्हतंच कधी. ते उठले, टोपी घातली, जवळ आले. मग डोळे बारीक केले.

"हे काय पीठ फासलंयस?"

"का? बरं नाही दिसत?"

"आज थुंकी नाही लावलीस?"

"काय?"

"वेडी का तू?" त्यांनी स्वतःचं बोट जिभेला लावून हवेत फिरवून दाखवलं. "बोट चाटतेस ना आधी. रोजचं आहे. मी म्हणतो घाणेरडी, तू म्हणतेस तुझ्या गोदीतल्या माशांपेक्षा बरी."

मी जिन्यावर बसलेच. थुंकी! आमची आई, जी आम्हा दोघींची तोंडं शाळेच्या दारात रुमालाला थुंकी लावून पुसायची, आणि अ‍ॅलिसन लाजेने मरायची. पन्नास वर्षं एकाच घरात राहून मला माहीत नव्हतं. तयार होताना ती खोलीचं दार लावून घ्यायची. आत फक्त बाबांना प्रवेश असायचा, तोही थोडाच वेळ; मग त्यांची रवानगी जिन्याखाली.

वर गेले. सगळ्यात रद्दी 'जलपरी'च घेतलं, तुटक्या झाकणाचं. बोट चाटलं, निळ्यावर घासलं, पापणीवर फिरवलं. मघाशी गायब होणारा रंग डोळ्यांदेखत गडद झाला आणि बसला. तोच. कारखान्याच्या फाटकातून बाहेर पडणाऱ्या शंभर बायकांत मी जो शोधायचे तो. त्या टिकलीएवढ्या आरशात आता आई रागावलेली नव्हती. मी पॅलेट मिटलं, कारण ती काहीतरी बोलेल असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी बाबांना घराबाहेर काढायचा एकच मार्ग होता. थेल्मा तयार झाल्याशिवाय ते हलणार नव्हते. मी निळं लावलं, आईचा हिरवा कोट चढवला आणि जिना उतरले.

"झालं एकदाचं," बाबा म्हणाले आणि दंड पुढे केला.

बसमध्ये ते माझा हात धरून बसले. लोक माझ्या डोळ्यांकडे बघत होते. बाबा मला थेल्मा म्हणत होते आणि मी ओ देत होते. तिच्या कोटात मला ऊब वाटत होती, आणि त्याचीच मला सगळ्यात जास्त भीती वाटली. मनात आलं, परत फिरावं. पेटी बंद होऊ द्यावी. रोज सकाळी बोट चाटावं, खाली उतरावं, त्यांना हवं ते मिळेल, माझ्याकडेही कुणीतरी तसं बघेल. आमचा थांबा आला तेव्हा मी उठलेच नाही. बाबाच उठले.

"चल गं. उतरायचंय ना?"

अंत्यविधीवाल्यांकडच्या मार्सियाने आम्हाला आत सोडलं आणि माझ्या चेहऱ्याकडे बघून काही न विचारता दार लोटून घेतलं. भली बाई. मी ओल्या कापसाने आईच्या पापण्यांवरचं तपकिरी पुसलं. खाली पापण्या मेणासारख्या होत्या. पॅलेट उघडलं, बोट तोंडात घातलं, आणि तोंडाला कोरड पडलेली. जीभ टाळूला चिकटली होती. थुंकीचा थेंब येईना. बोट पुन्हा पुन्हा चाटत मी उभी राहिले आणि रडायला लागले.

बाबा भिंतीपाशी टोपी घेऊन उभे होते, परक्याच्या घरी आल्यासारखे. त्यांनी पॅलेट बघितलं. पुढे आले, माझ्या हातातून ते काढून घेतलं. जिभेवर बोट ओलं केलं, निळ्यावर दोनदा फिरवलं आणि त्या अनोळखी बाईच्या पापणीवर ठेवलं. गोदीत आयुष्यभर दोर ओढलेलं जाडजूड बोट, पण कसं हलकं फिरलं! आतून बाहेर, एकदाच. मग दुसरी पापणी. किती वेळा केलं असेल त्यांनी हे, दाराआड?

ते मागे सरले.

"अगं," ते म्हणाले. "तू इथे होय."

मग त्यांचे खांदे हलायला लागले. "सांगायचं तरी. मी तिकडे जिन्याखाली बसलोय. कोट घालून बसलोय गं."

मी त्यांना धरायला गेले, तर ते दचकले. एकदा पेटीत बघितलं, एकदा माझ्याकडे. दोन थेल्मा. त्यांच्या डोळ्यांत भीती होती, माझी भीती.

"तू कोण?"

"जॅनिस, बाबा. तुमची जॅनिस."

"जॅनिस," त्यांनी चाचपून बघितलं. मग खिशातून रुमाल काढला, त्याचं टोक थुंकीने ओलं केलं, माझी हनुवटी धरली आणि माझ्या पापण्या खसाखसा पुसल्या. दुखलं. मी हलले नाही.

"आईच्या वस्तूंना हात लावायचा नाही," ते म्हणाले. "कितीदा सांगितलंय."

घरी आल्यावर बाबांनी कोट काढून खुंटीला लावला. जिन्याखालची खुर्ची उचलून स्वयंपाकघरात टेबलाशी नेऊन ठेवली, तिच्या जागेवर. किटली चढवली, दोन कप काढले, आणि माझ्याकडे वळून पाहुण्यांना विचारावं तसं विचारलं, "तुम्ही साखर घेता का?"

"एक चमचा," मी म्हटलं.

ते साखर ढवळत होते तेव्हा वर स्टूल करकरलं. मग ड्रॉवर. मग झाकण मिटल्याचा बारीकसा आवाज. बाबांनी मान वर केली नाही, कप माझ्यासमोर ठेवला आणि चहा निववत बसले. पॅलेट माझ्या पर्समध्ये होतं. मी चहा तसाच सोडून जिन्याच्या पायथ्याशी जाऊन उभी राहिले, अंगात अजून तिचा हिरवा कोट होता.