तांब्याची कडी

देवाजीनं मुठीतला भात विहिरीत टाकला आणि कठड्यावरून वाकून हाक मारली.

"बुधरे! ये वं, ये!"

शितं पाण्यावर पांगली. दोन बेडूक आले. कासव आलं नाही.

"मेलं असंल ते," ओट्यावरून त्याची विहीण ताराबाई म्हणाली. "वर्षभर कोनी पाह्यलं नाई. सापडलं तं न्या, इवाई. भांडे नेले, खाट नेली, येवढं कासवच राह्यलं होतं."

ताराबाई वाईट सासू नव्हती. घरात आलेलं लवकर विसरायची आणि घरातून गेलेलं पाठ करून ठेवायची, एवढीच तिची खोड.

देवाजी भांडायला आला नव्हता. लेक गिरजा तापानं गेली, तेव्हापासून रुखमाबाईनं नवऱ्याजवळ एकच गोष्ट मागितली होती. "माह्या पोरीची बुधरी घेऊन या." ती हे रोज म्हणत नसे. जेवायला वाढताना हात थांबला, की देवाजीला ते ऐकू येई.

मासे धरणाऱ्या त्यांच्या ढिवरांच्या चार घरांत रीतच होती. पोरगी जन्मली की तळ्यातलं मुठीत मावेल असं कासवाचं पिल्लू आणून विहिरीत सोडायचं. पोरीचे कान टोचले की त्याच दिवशी कासवाच्या कवचाच्या कडेला भोक पाडून तांब्याची कडी घालायची. लग्न झालं की दोघी सासरी. गिरजाचे कान टोचले ते बेचाळीसच्या उन्हाळ्यात, चिमूरची गडबड व्हायच्या आधी. रुखमाबाईनं हळद-तेलाची एकच वाटी केली. आधी पोरीच्या कानाला लावलं, मग कासवाच्या भोकाला.

"कासवाले दुखते काय वं?" शेजारणी हसल्या.

"तुले येऊन सांगतलं काय त्यानं, नाई दुखत म्हून?"

कासव माणसाच्या मागं उरतं, हे त्या घरांना ठाऊक होतं. लेकीचं लेकीनं, नातीचं नातीनं सांभाळायचं, असा तो हिशेब. आईनं मागून घ्यावं, अशी सोय रीतीत नव्हती. गिरजाचा आकडा एकोणीसवर थांबला. बुधरीला विसावं लागलं.

देवाजी रिकामी टोपली उचलत होता, तेवढ्यात जावयाची नवी बायको कमळा पाण्याचा पितळी गुंड घेऊन विहिरीवर आली. चार महिन्यांची सून. तिनं ओट्याकडे पाहिलं. ताराबाई आत गेली होती. मग तिनं गुंड दगडावर तीनदा वाजवला आणि पदराची गाठ सोडून भात खाली टाकला.

कपारीतून काळी पाठ वर आली. कडेला कडी चमकली.

"हाक मारून नाई येत, बाबा," ती हळूच म्हणाली. दुसरेपणाची सून पहिलीच्या बापाला बाबाच म्हणते. "पयली बाई गुंड वाजवत होती म्हने. शेजारनीनं सांगतलं."

तिनंच बादली सोडली, बुधरीला वर काढलं. देवाजीनं कासव उलटंपालटं करून पाहिलं. कडीचं भोक जुनं, गुळगुळीत, काळं पडलेलं. कमळानं टोपलीत ओलं पोतं अंथरलं, कोपरे नीट दाबले. पदरातला उरलेला भातही टोपलीत ठेवला.

"वाटेनं खाईल."

"अन् तू वं, पोरी? इथी कोनासंगं बोलते?"

कमळा टोपलीकडे पाहून हसली. हसू पुरं झालं नाही. तिनं गुंड उचलून उगाच घासायला घेतला.

देवाजीनं बुधरीला टोपलीतून पुन्हा मांडीवर घेतलं. मग कडी वाकवून काढली, कमरेच्या गाठीत बांधली आणि बुधरीला बादलीत ठेवून विहिरीत दोर सोडला.

"कडी तेवढी नेतो," तो म्हणाला.

आपल्या गावी परतल्यावर तळ्यात त्यानं जाळं टाकलं. पहिलं कासव लहान निघालं, दुसरं मोठं. तिसरं बुधरीच्या मापाचं होतं. काठावर बसून त्यानं आरीनं भोक पाडलं आणि कडी घातली. कासवानं मान आत घेतली, ती काढलीच नाही.

रुखमाबाई दारातच होती. तिनं टोपलीतून कासव उचललं, कडी ओळखली, छातीशी धरलं.

"आली वं माय."

देवाजी बोलत सुटला. गाडीला गर्दी होती, नागभीडला उशीर झाला, ताराबाई असं म्हणाली, तसं म्हणाली. दिवसाला दहा शब्द खर्च करणारा माणूस, त्यानं त्या एका संध्याकाळी महिन्याचे उधळले. रुखमाबाईचा अंगठा कडीशी फिरत होता. तो तिनं उजेडात धरून पाहिला. बोटाला कवचाचा पांढरा भुसा लागला होता.

ती आत गेली.

बाहेर आली ती वाटी घेऊन. वाटीत हळद आणि तेल. कासवाला मांडीवर घेऊन तिनं भोकाभोवती बोट फिरवलं, सावकाश.

"ते नवी पोरगी," मान वर न करता तिनं विचारलं, "भात टाकते ना बुधरीले?"

देवाजी पायातली वहाण सोडत होता. हात तिथंच राहिला.

"टाकते."

"बरं," रुखमाबाई म्हणाली आणि बोट पुन्हा वाटीत बुडवलं.